दोरीच्या अलीकडे

थालिपिठाचा तुकडा लोण्यात बुडवता बुडवता आरोही आईला म्हणाली, "अपु नेम एर्ती," आणि दोघी हसल्या. हसणं तसं खवचट नव्हतं. घरातलं मांजर आरशाकडे बघून गुरगुरलं की माणसं हसतात, तसं लाडिक होतं, आणि विनीतला तेच जास्त लागलं. त्याने चहाचा कप तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे कळूनही तसाच धरून ठेवला. हंगेरियन भाषेतले मीठ, पाणी, दार लाव, बूट काढ इतके शब्द त्याला येत होते, आणि त्याखेरीज अख्खं म्हणावं असं एकच वाक्य कळत होतं, ते नेमकं हे. बाबांना नाही कळत. कुणी शिकवलं नव्हतं. गाडीत मागच्या सीटवर, जेवताना, झोपायच्या आधी, कानावर इतक्यांदा पडलं की एक दिवस त्याने बाथरूममध्ये नळ मोठा सोडून ते मोबाईलला म्हणून दाखवलं होतं. मोबाईलने काडीचाही संकोच न करता त्याचं मराठी करून दिलं. त्या दिवसापासून हे वाक्य त्याच्या घरात त्याच्या तोंडावर बोललं जात होतं, आणि ते त्याला कळतं हे त्या दोघींना ठाऊक नव्हतं. सांगून टाकावं असं त्याला पुष्कळदा वाटलं होतं. पण सांगितलं की त्या दुसरं वाक्य शोधतील आणि मग आपल्याकडे हेही उरणार नाही, अशी काहीतरी येडपट भीती वाटून तो गप्प बसे.

आज त्याने विचारलं तरी काय होतं? संध्याकाळी आरोही स्काऊटची शपथ घेणार होती. शपथेत देव, देश आणि माणसं, तिघांशीही इमान राखायचं वचन होतं. त्याने साधं विचारलं की यातला देश कुठला? इल्दिको, त्याची बायको, मराठीत म्हणाली, "विनीत, तसा एक देश नाही रे. म्हणजे आहे, पण मनातला." हे उत्तर झालं? दहा वर्षांची पोर हात वर करून शपथ घेणार आणि देश कुठला विचारलं तर मनातला? तो म्हणाला, मनातल्या देशाचा पासपोर्ट कुठे मिळतो? त्यावर ते वाक्य आलं, आणि ते हसू. पण आरोहीचं हसू अर्धंच राहिलं, थालिपीठ हातातच राहिलं, आणि ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, हे त्याच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं होतं आणि त्यात त्याला जरासं बरंही वाटलं होतं.

इल्दिकोचंही त्याला नवल वाटे, आणि नवलाचा आता वैताग झाला होता. ही बाई हंगेरीत जन्मलेली नव्हे. आजोबा छप्पन्न साली रणगाडे आले तेव्हा बायको आणि एक बॅग घेऊन पळाले ते अमेरिकेत क्लीव्हलंडला थांबले. आई तिथली, बाप तिथला, ही तिथली. हंगेरीला आयुष्यात दोनदा गेली, तेही सुट्टीत. तरी भाषा कशी अस्सल, तर दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात भरणाऱ्या स्काऊटच्या तुकडीमुळे. आपल्या देशातून उठून जगभर विखुरलेल्या या लोकांनी जिथे जातील तिथे अशा तुकड्या काढल्या होत्या. पोरांना गाठी मारायला, तंबू ठोकायला, चुली पेटवायला शिकवायचं, आणि हे सगळं हंगेरियनमध्येच. भाषा न येणाऱ्या पोराला प्रवेश नाही. विनीतशी ओळख झाली तेव्हा, लोअर परळच्या ऑफिसात, इल्दिकोने हे सांगितलं होतं आणि त्याला ते फार थोर वाटलं होतं. किती जिवट लोक, असं तो मित्रांना सांगायचाही. मग तिने मुंबईत तुकडी काढली. वकिलातीतल्या कुणाची दोन पोरं, एका इंजिनियरची दोन आणि आरोही, अशी पाच जणांची. अमेरिकेतल्या मुख्य कचेरीने कौतुकाने परवानगी दिली. परदेशात राहणाऱ्यांनी आपली भाषा टिकवावी याला विनीतची कधीच हरकत नव्हती. त्याचं दुखणं एवढंच होतं की इल्दिको ज्याला परदेश म्हणत होती त्यात त्याचा जन्म झाला होता.

खरं टोचत होतं ते पुढचं. आज शपथ झाली की आरोहीला जुलैत अमेरिकेतल्या जंगलात छावणीला जाता येणार होतं. सहा आठवडे. तिकडे म्हणे सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दुसऱ्या भाषेतला शब्द काढायचा नाही, काढला तर सगळ्यांसमोर एकट्याने गाणं म्हणायचं. शपथ झाली नाही तर पुढचं वर्ष. विनीतला आठवत होतं, गेल्या दिवाळीत इल्दिकोची आई आली होती तेव्हा ती दोनच आठवडे राहिली, आणि ती गेल्यावर कितीतरी दिवस आरोही झोपेतून उठली की त्याच्याकडे बघून आधी काहीतरी शोधत असल्यासारखी थांबायची, मग म्हणायची, बाबा. दोन आठवड्यांत हे, तर सहा आठवड्यांत काय होईल? आणि 'बाबा' तरी कुठे राहिलं होतं? त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे तान्हं बाळ. पहिल्याच शनिवारी तुकडीतली पोरं फिदीफिदी हसली, ही आपल्या बापाला बाळ म्हणते म्हणून. तेव्हापासून शनिवारी तो अपु झाला, आणि हळूहळू रविवारीही. छावणीहून परत दुसरीच कुणी आली तर ती मुलगी कुणाची असेल, असं त्याने मनाशी चुकून म्हटलं, आणि मग त्याला स्वतःचाच राग आला. दुसरी कसली येतेय, हीच येणार. पण हीच येईल याची खात्री कुणी द्यायची?

तेवढ्यात लालबागहून त्याच्या आईचा फोन आला. आरोही गुरुवारी आजी-आजोबांकडे राहिली होती आणि आबांना दाखवायला आपली स्काऊटची टोपी घेऊन गेली होती. त्या टोपीत एक गवताचा तुरा खोचायची रीत होती. रुपेरी, केसांसारखं मऊ गवत. तिकडे म्हणे तो मान मुलग्यांच्या टोपीला; इल्दिकोने मुंबईत हा भेद मोडीत काढला होता. इल्दिकोच्या दूरच्या मावशीने खेड्यातून पाकिटात घालून पाठवलेली ती एवढीशी जुडी होती. त्या गवताचं नाव काय, तर अनाथ मुलीचे केस. विनीत पहिल्यांदा ऐकून चाटच पडला होता. बाप धडधाकट जिवंत, आजी-आजोबा जिवंत, आणि पोरीने डोक्यावर मिरवायचं काय, तर हे. "अरे झिला," आई फोनवर म्हणाली, "माझ्या हातसून चूक झाली मरे. टोपी देवाऱ्याखाली ठेवली होती तिने. माका वाटला, चतुर्थीच्यो दुर्वा सुकल्यो. हाराबरोबर त्यो पण निर्माल्यात गेल्यो." नाक्यावरचा निर्माल्याचा कलश एव्हाना रिकामा झाला होता. हे ऐकून आरोहीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती आईच्या कुशीत शिरून त्या भाषेत काहीतरी सांगत राहिली. विनीतला एक अक्षर कळलं नाही. "मी बघतो," तो म्हणाला. "दादरला फुलबाजार आहे, तिथे जगातलं सगळं मिळतं."

मिळालं नाही. कबुतरखान्याच्या बाजूने शिरून तो फुलबाजारात तासभर भिजक्या जमिनीवरून फिरला. झेंडूचे ढीग, शेवंती, आंब्याचे डहाळे, दूर्वांच्या जुड्या होत्या. एका दुकानात गुलाबी रंगवलेले सुक्या गवताचे तुरे होते, लग्नाच्या स्टेजवर लावतात तसले. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला तर दुकानदार म्हणाला, "साहेब, हे तर आमच्या गावाला बांधावर येतं. कुसळ आहे. याचे कोण पैसे देणार?" विनीतने विचारलं, मग आणून द्याल का? "आता? गाव सांगलीकडे आहे साहेब." शेजारची गजरेवाली हसली. या सगळ्या प्रकारात आपण कोण आहोत, हे त्याला कळेना. जी शपथ होऊ नये असं सकाळपासून वाटतंय, तिच्यासाठी आपणच भर उन्हात अनाथ मुलीचे केस शोधत हिंडतोय. न मिळालं तर बरंच, असं म्हणावं, तर पोरीचे डोळे समोर येत. मिळालं तर बरं, असं म्हणावं, तर जुलै समोर येई.

आई-आबांना सोबत न्यायला लालबागच्या घरी तो पोचला तेव्हा आबा दारातच उभे होते. "यो मुंकात," ते हात कपाळाला लावून म्हणाले. नातीने शिकवलेला त्यांचा हा रामराम. स्काऊट एकमेकांना भेटले की असं म्हणतात, अर्थ एवढाच की काम चांगलं होवो. आबांनी आयुष्य गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलं होतं आणि त्यांना या रामरामाचं भारी कौतुक. "भेटल्यार देवाचा नाव नाय, बायलमानसाची चवकशी नाय," ते ज्याला त्याला सांगत. "चांगला काम कर म्हनतत, बस. आमच्या गिरनीत ही भाषा असती तर मालकाक घाम फुटलो असतो." विनीत पलंगावर बसला. आबा मालवणीत विचारत गेले, तो शाळेतल्या मराठीत उत्तरं देत गेला. असं कित्येक वर्षं चाललं होतं आणि कुणाला खटकत नव्हतं. दादरच्या शाळेत पहिल्या आठवड्यातच 'माका' आणि 'तुका'वरून वर्ग हसला होता, आणि त्याने ते शब्द शाळेच्या फाटकाबाहेर ठेवले ते तिथेच राहिले. एकदा, तो सातवीत असावा, गावाहून आलेल्या आत्याला आई हसत हसत सांगत होती, आता झिलाक आमचा बोलना नीट कळना नाय. हसण्यात आईचा अभिमान होता. तो शेजारच्या खोलीत गृहपाठ करत होता आणि त्याला सगळं कळत होतं. विनीतला आज अचानक ते हसू आठवलं, आणि तो इतका वैतागला की उठून खिडकीशी गेला. प्रत्येक गोष्टीचं असं जुनं काहीतरी निघायलाच हवं का? माणसाला नुसतं आजच्यापुरतं चिडू देत नाहीत.

"गवात होया मा तुका?" आबा म्हणाले, आणि दारामागून त्यांनी नवा, प्लास्टिकची पिशवीही न काढलेला फूलझाडू बाहेर ओढला. पिशवी काढली. झाडूचा पिसारा खरोखरच तसा होता. मऊ, हिरवट सोनेरी, फुंकर घातली तर हलणारा. विनीतला हसू आणि संताप एकाच वेळी आले. "आबा, हा झाडू आहे." "मगे? झाडू खंय उगावता? गवातच ता." आई आतून आली. लक्ष्मीपूजनाला तिच्या घरी केरसुणीला हळदकुंकू वाहायचे; विनीतला वाटलं, आता ही अडवणार. आईने झाडू हातात घेऊन दोन तुरे हलक्या हाताने उपसले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "लक्ष्मी पायाखाली येव नये. डोक्यार चलता." मग, एवढ्यावर भागणार नाही, चार पोरं आणखी असतील, म्हणून तिने अख्खा झाडू त्याच्या हातात दिला. तोच धरून तो टॅक्सीत बसला. मागून आई-आबा बसले, आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि टॅक्सीवाला आरशातून झाडूकडे बघत होता. गिरगावात खोताच्या वाडीच्या तोंडाशी उतरून तो झाडू खांद्यावर घेऊन आत चालू लागला तेव्हा एका पर्यटकाने त्याचा फोटो काढला.

तुकडी भरायची ती फिलोमिना आंटीच्या लाकडी घराच्या पुढल्या अंगणात. आंटी एकट्या राहत, आणि पोरांचा गलका त्यांना आवडे. अंगणात इल्दिको चार खुंट्या ठोकून त्यांना दोरी बांधी. दोरीच्या आत हंगेरियन, बाहेर काहीही. पहिल्या शनिवारी विनीत भाबडेपणाने दोरीच्या आत जाऊन "पाणी हवंय का कुणाला?" म्हणाला होता. पाचही पोरं एकदम ओरडली. त्याच्याकडे म्हणायला गाणं नव्हतं. इल्दिकोने फार गोड शब्दांत त्याला सांगितलं की तू पायऱ्यांवर बस ना, तुलाही बोअर होणार नाही. तेव्हापासून दर शनिवारी तो पायऱ्यांवर बसे. आंटींनी पुढे पुढे त्याच्यासाठी खुर्चीच टाकली. तिथून त्याने त्यांचे खेळ पाहिले होते. एका खेळात प्रत्येकाच्या कपाळाला आकडा बांधलेला असे आणि समोरच्याने तो मोठ्याने वाचला की तुम्ही मेलात. आरोही आकडा लपवायला भिंतीला कपाळ टेकून उभी राही. विनीतला खुर्चीतून तो कधीमधी दिसे, पण तो ज्या भाषेत वाचेल त्या भाषेत कुणी मरत नव्हतं. तिथूनच त्याने ती शपथ ऐकली होती, चार महिने, घोकंपट्टी, पाच आवाजांत. आज आंटी म्हणाल्या, "ये रे बाबा, बस. झाडू कशाला आणला? मी सकाळीच झाडलाय." त्याने झाडू खुर्चीला टेकवला.

इल्दिकोने झाडू पाहिला. तिने त्यातला एक तुरा काढून बोटांवरून फिरवला, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते विनीतला नीट ओळखता आलं नाही. "माझ्या आजीने क्लीव्हलंडला मक्याचं लावलं होतं," ती म्हणाली. "मक्याच्या कणसाचे केस. इथे कोण बघतंय, म्हणाली." एवढं बोलून ती दोरी ओलांडून आत गेली आणि पाची टोप्यांत तिने लालबागचे तुरे खोचले. विनीत खुर्चीत बसला. त्याला वाटलं, हे तिने आधी कधी का सांगितलं नाही? मग वाटलं, आपण विचारलं कधी.

ऊन उतरलं. शेगडीत चार लाकडं पेटवली. पोरं एकेक करून पुढे येत, हात वर करत, शपथ म्हणत. नियम इल्दिकोने सगळ्यांना आधीच सांगितला होता, पाहुण्यांसाठी मराठीतसुद्धा: शपथ पाठ हवी, दोरीच्या आतल्या कुणीही सांगायचं नाही, अडलं की पुढच्या वर्षी. चौघं झाली. आरोही आली. तुरा वाऱ्यावर हलत होता. तिने स्वच्छ आवाजात सुरुवात केली, आपलं नाव घेतलं, आबांनी मान डोलावली. ती देवाच्या शब्दापर्यंत आली, तो म्हणाली, आणि थांबली. पुढचा शब्द 'हॉझामनॉक' होता. माझ्या देशाशी. विनीतला तो मोबाईलवर दोन वेळा तपासून माहीत होता. आरोहीचे ओठ हलले आणि मिटले. ती विसरली नव्हती, हे तिच्या बापाला ठाऊक असणारच. गेल्या चार महिन्यांत ती या शब्दावर एकदाही अडली नव्हती. मग तिने मान वळवली आणि थेट त्याच्याकडे, खुर्चीकडे पाहिलं, थालिपीठ हातात राहिलं होतं तेव्हा पाहिलं तसंच.

सकाळचा आपला प्रश्न तिच्या घशात अडकलाय. त्याने टाकला होता तिथे तो बरोबर बसला होता. लाकूड फुटल्याचा आवाज झाला. इल्दिकोचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट होते. ती सांगू शकत नव्हती, नियम तिचाच. आता नुसतं बसून राहायचं होतं. काही करायचं नव्हतं, काही बोलायचं नव्हतं. आणखी थोडं गप्प बसलं की जुलै टळला, सहा आठवडे टळले. पोर घरी राहील, पावसात आबांबरोबर भजी खाईल, मराठी बोलेल. कुणी आपल्याला दोषही देणार नाही. बाबांना कुठे काय कळतं? आरोहीचा वर केलेला हात तसाच होता. आणि ती अजूनही त्याच्याकडेच बघत होती, आईकडे नव्हे. विनीतला तिचा राग आला, इल्दिकोचा आला, क्लीव्हलंडच्या मक्याच्या कणसांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या खुर्चीचा आला.

"हॉझामनॉक," तो म्हणाला.

आवाज फुटका आणि अंमळ मोठा निघाला. पोरं गर्रकन वळली. इल्दिकोने तोंड उघडलं आणि मिटलं. तो दोरीच्या बाहेर होता, बाहेरच्यांसाठी नियम केलाच नव्हता. आरोहीने श्वास घेतला, तो शब्द म्हटला, आणि पुढची शपथ एका दमात संपवली. विनीतचेही ओठ तिच्याबरोबर शेवटपर्यंत हलत होते, हे त्याला आईने दंडाला धरल्यावर समजलं. इल्दिकोने लेकीच्या गळ्यात हिरवा रुमाल बांधला. तिची बोटं गाठीवर नको तितकी रेंगाळली. आबा उभे राहून मोठ्याने म्हणाले, "यो मुंकात!" आणि पाची पोरांनी उत्तर दिलं.

मग आरोही धावत दोरीपाशी आली. टोपी कलली होती. "बाबा," ती म्हणाली, "तुला कसं येतं ते?" मागून पोरं ओरडली, दोरीच्या आत दुसरी भाषा म्हणून. तिने लक्ष दिलं नाही.

विनीतने ठरवलेलं असं काही नव्हतं. सकाळपासून जे घशाशी होतं तेच आलं.

"अपु नेम एर्ती," तो म्हणाला.

ती आधी हसली, त्याचे उच्चार वाकडे होते म्हणून. मग हसू थांबलं. ती मनाने मागे मागे जात असलेली त्याला दिसली. आजचं थालिपीठ, गाडीची मागची सीट, झोपायच्या आधीचा अंधार, एकेक जागी ती थांबत होती. या क्षणाची त्याने कितीतरी दिवस वाट पाहिली होती, आणि आता तो आल्यावर त्यात काहीच गोड नव्हतं. तिचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला.

"तुला सगळं कळायचं?" तिने हळू विचारलं.

"सगळं नाही," विनीत म्हणाला. "एवढंच."

रुमालाचं टोक तिने तोंडाशी नेलं आणि सोडलं. मागे पोरं एका सुरात तिला गाणं म्हणायला सांगत होती, नियम म्हणजे नियम. इल्दिको त्यांना गप्प करत नव्हती. ती शेगडीपाशी उभी राहून या दोघांकडे बघत होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. आरोहीने बुटाचा पाय उचलला आणि दोरीवर ठेवून ती जमिनीला टेकेपर्यंत दाबून धरली.

"ये," ती म्हणाली, "गाणं दोघांनी म्हणू."

"मला येत नाही."

"शिकवते ना."

विनीत खुर्चीवरून उठला. दोरी मुळात घोट्याएवढीच उंच होती.